माल-ए-गनीमत कोणाच्या घरात गेला?

दहावीचा निकाल लागला की आमच्या उर्दू शाळेत पालकांची वर्दळ सुरू होते. कोणत्या कॉलेजात घालावे, कोणता विषय घ्यावा, असे प्रश्न घेऊन लोक येतात. मागे एका हुशार मुलीचे वडील असेच आले. मुलीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता. म्हणाले, "मॅडम, उर्दू निकालके फ्रेंच लेव बोल रहे सब. नंबर भी अच्छे मिलते, और शरीफ लोगां की जबान है बोलते."

मुलगी फ्रेंच शिकते याचे मला दुःख नव्हते. शिकवणे हाच माझा धंदा. मुलीला चार भाषा येत असतील तर पाचवी यावी असेच मी म्हणेन. गुणांचा हिशेबही मला कळतो. गरिबाच्या मुलीला एकेक गुण मोलाचा असतो. मला खटकला तो एकच शब्द. शरीफ! ही शराफत फ्रेंचला कुणी बहाल केली? आणि ती शरीफ ठरली तेव्हा दुसऱ्या कोणत्या भाषा कमअस्सल ठरल्या? जगात कोणतीही भाषा जन्मतः शरीफ नसते. तिच्या मागे तोफा, तिजोरी आणि शाळा उभ्या राहिल्या की ती शरीफ होते. फ्रेंचच्या बाबतीत हे कसे घडले, ते अल्जिरियाच्या इतिहासात स्वच्छ दिसते.

५ जुलै १८३० रोजी फ्रेंच फौजांनी अल्जिअर्स शहर घेतले. ५ जुलै १९६२ रोजी अल्जिरिया स्वतंत्र झाला. मधली १३२ वर्षे फ्रान्स जगाला सांगत होता की आम्ही तिथे संस्कृती पेरायला गेलो आहोत. पण पेरणीच्या आधी त्यांनी काय उपटले, ते पाहा.

त्या देशात मशिदी, मक्तब, मदरसे, खानकाही कशावर चालत होत्या? हबूसवर. हबूस म्हणजे आपला वक्फ. कुणी दुकान लिहून दिले, कुणी बाग, कुणी शेत. त्याच्या उत्पन्नातून उस्तादाचा पगार निघे, विद्यार्थ्याची भाकरी निघे, मुसाफिराला निवारा मिळे. फ्रेंचांनी पहिल्याच वर्षापासून या मालमत्तेवर हात टाकायला सुरुवात केली. १८३२ मध्ये अल्जिअर्सच्या केचावा मशिदीचे चर्च केले, हे डोळ्यांना दिसले आणि म्हणून इतिहासात गाजले. वक्फ गिळल्याचा आवाज झाला नाही. पण मशिदीपेक्षा मोठी गोष्ट तिथे गेली. भिंती उभ्या राहिल्या आणि शिक्षक उपाशी मेला. ज्या समाजाच्या शिक्षकाचा पगार बंद होतो, त्याच्या भाषेवर वेगळी बंदी घालावी लागत नाही. वक्फच्या जमिनींचे काय होते हे आपल्यातल्या कुणालाही समजावून सांगण्याची गरज नाही.

हे मी पदरचे सांगत नाही. आलेक्सी द तोकव्हिल हा फ्रान्सचा नामवंत विचारवंत. अल्जिरिया जिंकण्याच्या बाजूनेच तो उभा होता. त्याने १८४७ मध्ये फ्रेंच संसदेसाठी लिहिलेल्या अहवालात कबुली दिली आहे, की धर्मादाय संस्थांचे उत्पन्न आपण दुसरीकडे वळवले, शाळा मोडकळीला येऊ दिल्या, आणि आपली ओळख होण्यापूर्वी मुस्लिम समाज होता त्याहून त्याला अधिक दरिद्री आणि अधिक अज्ञानी करून टाकले. आरोपीचाच वकील असे बोलत असेल तर आणखी साक्षीदार कशाला हवेत?

बरे, जुन्या शाळा मोडल्या. निदान नव्या तरी उघडल्या का? झ्युल फेरी हे नाव शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत आदराने घेतले जाते. १८८१-८२ मध्ये त्याने फ्रान्समध्ये मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष प्राथमिक शिक्षण आणले. बी.एड. करताना मीही असल्या सुधारकांच्या नावांवर टिपणे काढली होती. पण याच माणसाने जुलै १८८५ मध्ये संसदेत उभे राहून सांगितले, की श्रेष्ठ वंशांना कनिष्ठ वंशांवर हक्क आहेत, कारण त्यांना सुसंस्कृत करणे हे श्रेष्ठांचे कर्तव्य आहे. हे दुसरे वाक्य आमच्या टिपणांत नव्हते! आणि हे 'कर्तव्य'देखील पार पडले नाही. अल्जिरियात स्थायिक झालेल्या गोऱ्यांनी मुसलमान पोरांच्या शाळांना कडाडून विरोध केला. शिकलेला अरब आपल्या द्राक्षमळ्यात राबणार नाही, ही त्यांची साधी भीती होती. परिणाम काय? १३२ वर्षांच्या 'संस्कृतिदाना'नंतर, स्वातंत्र्याच्या दिवशी, त्या देशातली दर दहांपैकी किमान आठ माणसे निरक्षर होती.

म्हणजे फ्रेंचने अरबीची जागा घेतली असे म्हणणेही खरे नाही. अरबी काढून घेतली आणि फ्रेंच दिलीच नाही. दिली ती मूठभरांना, आणि त्या मूठभरांकडे बोट दाखवून सांगितले, पाहा, आम्ही किती उदार आहोत!

त्या उदारपणाला अटीही होत्या. १८६५ च्या कायद्याने अल्जिरियातला मुसलमान फ्रान्सचा प्रजाजन ठरला, नागरिक नव्हे. नागरिक व्हायचे तर अर्ज करून निकाह, तलाक, वारसा यांविषयीचा आपला व्यक्तिगत कायदा सोडायचा. तसे करणारे फारच थोडे निघाले. उरलेल्यांसाठी १८८१ पासून 'देशी लोकांसाठी' वेगळी दंडसंहिता होती. त्यात गोऱ्याला लागू नसलेले गुन्हे होते आणि गोऱ्याला नसलेल्या शिक्षा होत्या. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द फ्रेंच भाषेत फारच सुंदर दिसतात. कचेरीच्या दारावर ते कोरलेले असत आणि त्याच कचेरीत आत ही दंडसंहिता असे.

१९३८ मध्ये कळस झाला. पंतप्रधान शोतां यांच्या सरकारच्या फर्मानाने अल्जिरियात अरबी ही परकीय भाषा ठरवली गेली. बाराशे वर्षांहून अधिक काळ ज्या मातीत अरबी बोलली, लिहिली, गायली गेली, तिथे ती परकी. आणि शंभर वर्षांपूर्वी जहाजातून उतरलेली भाषा घरची! परवानगीशिवाय अरबी शिकवणाऱ्याच्या मागे पोलीस लागू लागले. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट फार लागते. खडू हातात घेतला म्हणून गुन्हा!

हा गुन्हा ज्यांनी अभिमानाने केला त्यांत अब्दुल हमीद बिन बादीस यांचे नाव पहिले. कॉन्स्टंटाइन शहरातला हा आलिम. १९३१ मध्ये त्यांनी अल्जिरियन उलेमांची संघटना उभी केली आणि वर्गण्यांच्या जोरावर गावोगाव शाळा काढल्या. मुलींनाही शिकवले. इस्लाम आमचा धर्म, अरबी आमची भाषा, अल्जिरिया आमचा देश, ही त्यांची घोषणा झाली. ते १९४० मध्ये वारले. आपल्याकडे आलिम म्हटला की शिक्षणाच्या आड येणारा माणूस, असे चित्र रंगवण्याची हौस अनेकांना असते. त्यांनी बिन बादीस वाचावेत.

पश्चिम आफ्रिकेत याच राजकारणाची दुसरी तऱ्हा होती, आणि उर्दू वाचणाऱ्यांनी ती मुद्दाम समजून घ्यावी. सेनेगलमध्ये बहुसंख्य लोकांना वोलोफ भाषा येते. ही भाषा तिथले मुसलमान फार पूर्वीपासून अरबी लिपीत लिहीत आले. त्या लिखाणाला अजमी म्हणतात. आपल्याकडे दखनी अरबी-फारसी लिपीत लिहिली गेली तसेच हे. दुकानाच्या जमाखर्चापासून पत्रांपर्यंत, औषधाच्या नुस्ख्यांपासून पीरांच्या प्रशंसेपर्यंत सारे त्यात होते. मूसा का यांच्यासारख्या कवींनी त्यात मोठी काव्ये रचली. पण सरकारी खानेसुमारीत साक्षर कोण? ज्याला फ्रेंच लिहिता येते तो. कविता लिहिणारा, हिशेब ठेवणारा, नातवाला कुरआन शिकवणारा म्हातारा निरक्षर! एका रकान्याने अख्खी विद्या पुसून टाकली. अंगठाबहाद्दर जन्माला येत नसतो, वाचकहो. पुष्कळदा त्याला कचेरीत बनवले जाते.

आणि ही कचेरी स्वातंत्र्यानंतरही उघडीच राहिली. उस्मान सेंबेन हा मार्सेयच्या गोदीत हमाली केलेला सेनेगली लेखक. त्याने फ्रेंचमध्ये चांगल्या कादंबऱ्या लिहिल्या. मग त्याच्या लक्षात आले, की ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्यांना आपले पुस्तक वाचताच येत नाही. तो सिनेमाकडे वळला आणि १९६८ मध्ये त्याने 'मंदाबी' हा वोलोफ भाषेतला चित्रपट काढला. गोष्ट साधी आहे. डाकारमधल्या इब्राहिम नावाच्या गरीब, नमाजी माणसाला पॅरिसहून भाच्याची मनीऑर्डर येते. पैसे त्याचे, टपाल कचेरी त्याच्या देशाची, साहेबही त्याच्याच रंगाचा. पण पत्र वाचून घ्यायला पैसे लागतात, ओळखपत्र हवे, त्यासाठी जन्माचा दाखला हवा, त्यासाठी फोटो हवा. आणि हा सारा कारभार त्याला न येणाऱ्या भाषेत! शेवटी फ्रेंच शिकलेला एक सुटाबुटातला आप्तच त्याचे पैसे गिळतो. गोरा साहेब कधीच निघून गेला होता. त्याची खुर्ची आणि भाषा मागे राहिली होती. आजही सेनेगलच्या २००१ च्या संविधानाप्रमाणे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला अधिकृत भाषा, म्हणजे फ्रेंच, अस्खलित लिहिता, वाचता आणि बोलता आलीच पाहिजे. वोलोफ आलीच पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही.

यावर फ्रेंचचे कैवारी म्हणतील, जुने कशाला उकरता? आज फ्रेंच ही सर्वांची सामायिक भाषा आहे. २० मार्च १९७० रोजी नायजरच्या राजधानीत फ्रेंचभाषक देशांची संघटना स्थापन झाली, तीही सेंघोर, बुर्गिबा, हमानी दियोरी या आफ्रिकी नेत्यांच्याच पुढाकाराने. त्या संघटनेच्याच २०२२ च्या मोजणीनुसार जगात ३२ कोटी १० लाख लोक फ्रेंच बोलतात आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिकेत राहतात. ठीक आहे. पण मग निम्म्याहून अधिक घरमालक आफ्रिकी असलेल्या या घराच्या चाव्या पॅरिसमध्ये का? शुद्ध शब्द कोणता हे तिथे ठरते, मोठे प्रकाशक तिथे, मोठी पारितोषिके तिथे. आणि अल्जिरियासारखा देश या संघटनेचा सदस्य झाला नाही, हे काय उगीच?

मात्र इथे मला आपल्या लोकांशीही भांडायचे आहे. कारण 'फ्रेंच फेकून द्या' म्हणणेही फार सोपे आहे. १ नोव्हेंबर १९५४ रोजी अल्जिरियाच्या क्रांतिकारकांनी फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले, त्या जाहीरनाम्याचा मसुदा फ्रेंचमध्ये लिहिला गेला होता. वसाहतवादाची चिरफाड करणारा फ्रांझ फानन फ्रेंचमध्येच लिहीत असे; ब्लिदाच्या इस्पितळात अरबी रुग्णांशी बोलायला त्याला दुभाष्या लागे. आसिया जेबार ही मुलगी वडिलांचा हात धरून फ्रेंच शाळेत गेली. वडील त्या शाळांतले शिक्षक. ती शिकली नसती तर कदाचित घराच्या चार भिंतींत राहिली असती. पुढे ती मोठी लेखिका झाली आणि २००५ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्रान्सच्या संसदेने, वसाहतींतल्या फ्रेंच वास्तव्याची 'सकारात्मक भूमिका' शाळेत शिकवा असा कायदा केला होता! गदारोळ झाला आणि २००६ मध्ये ते कलम काढावे लागले. त्याच २००६ च्या जूनमध्ये अकादमीतल्या आपल्या पहिल्या भाषणात जेबार यांनी वसाहतवादाला भली मोठी जखम म्हटले, आणि तेही अस्सल फ्रेंचमध्ये. अशा बाईला भाषेची गुलाम कोण म्हणेल?

याच पेचावर कातिब यासीन याने एक शब्द दिला. मे १९४५ मध्ये सेतीफच्या निदर्शनांत हा शाळकरी पोर पकडला गेला आणि तुरुंगात पडला. १९५६ मध्ये त्याची 'नज्मा' ही फ्रेंच कादंबरी आली. फ्रेंच ही आमची युद्धातली लूट आहे, असे तो म्हणाला. आपल्या भाषेत सांगायचे तर माल-ए-गनीमत. मराठीतला 'गनीम' आणि ही 'गनीमत' एकाच अरबी धातूतून आले आहेत. शत्रूचे हत्यार आमच्या हाती लागले, आता ते आमचे, असा याचा डौलदार अर्थ. हा शब्द फार गाजला. अल्जिरियाचे राष्ट्राध्यक्षही तो वापरतात.

पण गनीमतीचा नियम काय आहे, हे कुणी विचारत नाही. सूरह अन्फालमध्ये तो स्पष्ट आहे. गनीमत सरदाराने आपल्या घरात नेऊन ठेवायची नसते. तिचा पाचवा हिस्सा काढावा लागतो आणि त्यात यतीम, मिस्कीन आणि मुसाफिर यांचा हक्क सांगितला आहे. मग या भाषारूपी गनीमतीचा खुम्स कुठे गेला? अल्जिरियाच्या कोणत्या यतीमाला तो मिळाला?

स्वातंत्र्यानंतर सरकारने अरबीकरणाचा नगारा वाजवला. शाळा अरबी झाल्या, शिक्षक कमी पडले म्हणून इजिप्तसारख्या देशांतून आणले, न्यायालये अरबी झाली. चांगलेच झाले. पण वैद्यक आणि अभियांत्रिकी फ्रेंचमध्येच राहिली. म्हणजे गरिबाचे पोर बारा वर्षे अरबीत शिकून विद्यापीठाच्या दारात आले की तिथे फ्रेंचची भिंत! आणि अरबीची भाषणे ठोकणाऱ्या अनेक सत्ताधाऱ्यांची पोरे मात्र फ्रेंच शाळांत शिकत होती. गनीमत सरदारांच्याच घरात गेली. जनतेच्या वाट्याला नगाऱ्याचा आवाज आला.

शिवाय जी अरबी आणली ती पुस्तकी. आईची बोली अरबी वर्गात चालेना, आणि तमाझिग्त म्हणजे बर्बर भाषा तर संशयितच ठरली. १९८० मध्ये मुलूद मम्मेरी यांचे जुन्या कबाईली कवितेवरचे एक व्याख्यान सरकारने रोखले, त्यावरून कबाईली प्रांत पेटला. कवितेवरच्या व्याख्यानाची सरकारला भीती वाटावी! तमाझिग्तला राष्ट्रीय भाषेचा दर्जा २००२ मध्ये मिळाला आणि अधिकृत भाषेचा २०१६ मध्ये. फ्रान्सने अरबीला परके ठरवले होते. स्वतंत्र देशाने आपल्याच लेकरांच्या भाषेला दाराबाहेर ठेवले. पुढे नव्वदच्या दशकातल्या रक्तपातात धर्माचे नाव घेणाऱ्यांनी लेखकांवर गोळ्या झाडल्या. १९९३ मध्ये ताहिर जाऊत मारला गेला. तो फ्रेंचमध्ये लिहीत होता. १९९४ मध्ये अब्दुल कादिर अलूला मारला गेला. तो तर लोकांच्या बोली अरबीत नाटके करत होता. गोळीला भाषा समजत नाही. आणि खुद्द कातिब यासीनने काय केले? सत्तरच्या दशकात फ्रेंच कादंबरी बाजूला ठेवून तो बोली अरबीत नाटके घेऊन कामगार आणि शेतकऱ्यांत गेला. आपला खुम्स देणारा तो एकटा नसेल. पण त्याच्यासारखे थोडेच.

आज पुन्हा वारे फिरले आहे. मालीने २०२३ मध्ये आणि बुर्किना फासोने २०२४ च्या सुरुवातीला फ्रेंचचा अधिकृत दर्जा काढला. मार्च २०२५ मध्ये नायजरने हौसाला राष्ट्रीय भाषा केले आणि हे तिन्ही देश त्या फ्रेंचभाषक संघटनेतून बाहेर पडले, जिचा जन्म नायजरमध्येच झाला होता. ऐकून छातीत ऊब येते. पण शिक्षकाचा प्रश्न असा की फ्रेंच तिथे 'कामकाजाची भाषा' म्हणून राहिलीच आहे; मग बदलले काय? बंबारामध्ये विज्ञानाचे पुस्तक छापले का? हौसामध्ये शिकवणाऱ्याला पगार मिळाला का? फौजी सरकारचे फर्मान निघायला एक रात्र लागते, पाठ्यपुस्तक तयार व्हायला वर्षे लागतात. अल्जिरियाने २०२२ मध्ये तिसरीपासून इंग्रजी सुरू केली, फ्रेंचला शह म्हणून. जगाची भाषा शिकावी, जरूर शिकावी. पण एका मालकाला कंटाळून दुसऱ्याच्या दारी उभे राहणे म्हणजे सुटका नव्हे.

हे सारे मी दुसऱ्यांवर ढकलून मोकळी होणार नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच शाळांत, आणि त्याआधी खुद्द फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, एक रीत होती. जे मूल आईच्या भाषेत बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात किंवा हातात एक वस्तू द्यायची, बहुधा लाकडाचा तुकडा. त्याने दुसऱ्या मुलाला पकडून दिले की ती त्याच्याकडे जायची. संध्याकाळी ज्याच्याकडे सापडेल त्याला शिक्षा. मुलांना एकमेकांचे खबरे करण्याची ही विद्या! हे वाचताना मला माझा सहावीचा वर्ग आठवला. एक मुलगा उठून म्हणाला होता, "मेरे कू नको, मॅडम." मी सर्वांदेखत म्हटले, "नको? ये उर्दू नहीं है. घर की जबान घर में रखो." वर्ग हसला. त्या मुलाने पुढे कितीतरी दिवस हात वर केला नाही. माझ्या हातात लाकडाचा तुकडा नव्हता, एवढाच काय तो फरक. 'नको' हा शब्द दखनीने मराठीशी शेजार करून मिळवलेला. त्यात हसण्यासारखे काय होते?

म्हणून त्या मुलीच्या वडिलांना मी सांगितले, फ्रेंच घेऊ द्या. चांगली शिकू द्या. कातिब यासीन आणि आसिया जेबार तिला मूळ भाषेत वाचता येतील, याचा मला हेवाच वाटेल. पण ती शरीफ लोकांची जबान म्हणून नको. तुमच्या घरात, तिच्या दादीच्या तोंडी जी जबान आहे तीही तितकीच शरीफ आहे, हे तिला आधी सांगा. आणि शिकून आल्यावर तिने त्यातले काहीतरी आपल्या भाषेत, मराठीत किंवा उर्दूत, आणून द्यावे. ज्यांना पुण्याचे कॉलेज दिसले नाही, त्यांचा त्यावर हक्क आहे.

ते हसून म्हणाले, "मॅडम, इत्ता बडा काम उस पे?" मी म्हटले, इतके मोठे नाही. पाचवा हिस्सा फक्त.